एका गुंठ्याला एक किलो नत्र : शेणखत घ्यावे की युरिया?

मे महिना उतरणीला लागला की भिवंडीतल्या खताच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "यंदा शेणखतावर भागेल का, की युरिया घ्यावाच लागेल?" विचारणारा बहुतेक वेळा पूर्णवेळ शेतकरी नसतो. भिवंडीतले कामतघर आता गावठाणापुरतेच गाव उरले आहे. भोवती इमारती, यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांकडे जाणारे ट्रक. तरी इथे राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची दहा-वीस गुंठे भातजमीन अजून आहे. कुणाची खाडीपट्ट्यात काल्हेर-कशेळीकडे, कुणाची पडघ्याच्या बाजूला, कुणाची वाडा रस्त्यावर. नोकरीधंदा सांभाळून पावसाळ्यात आवणी उरकायची आणि दिवाळीच्या आगेमागे घरचे तांदूळ आणायचे, असा हा व्यवहार. हा लेख आधी त्यांच्यासाठी आहे. गच्चीवर कुंड्या सांभाळणाऱ्यांसाठीही पुढे थोडे लिहिले आहे.

सेंद्रिय की रासायनिक, या वादात दोन्हीकडचे लोक फार श्रद्धेने बोलतात. एकाला युरियाचे पोते म्हणजे विष वाटते, दुसऱ्याला शेणखत म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट. भाताच्या रोपाला यातले काहीच ठाऊक नसते. नत्र शेणातून आलेले असो की कारखान्यातून, मुळे ते अमोनियम किंवा नायट्रेट याच रूपात उचलतात. फरक पडतो तो जमिनीला, खिशाला आणि पावसात किती वाहून जाते याला. म्हणून खत निवडताना पहिला प्रश्न "कोणते" हा ठेवू नका. पिकाला किती लागते आणि त्यातले आपल्या जमिनीत किती टिकते, इथून सुरुवात करा.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची खरीप भाताच्या सुधारित जातींसाठीची शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी आहे. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. त्यामुळे आपल्यासारख्या गुंठ्यात मोजणाऱ्यांसाठी हिशेब फार सोपा होतो. गुंठ्याला एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, अर्धा किलो पालाश. हे तीन आकडे पाठ करा. दुकानदार, शेजारी, मोबाइलवरचा व्हिडिओ, कुणीही काहीही सुचवले तरी ते या आकड्यांवर घासून बघता येते.

युरियात 46 टक्के नत्र असते. म्हणजे गुंठ्याचे एक किलो नत्र भागवायला सव्वादोन किलोच्या आतच युरिया लागतो. 45 किलोचे निमकोटेड युरियाचे पोते सरकारी दराने 266 रुपये 50 पैशांना मिळते. या भावाने गुंठ्याचे नत्र तेरा रुपयांत पडते. आता शेणखत बघा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे एक किलो नत्रासाठी दोनशे किलो खत. त्यातलेही पहिल्या हंगामात पिकाच्या हाती तिसरा हिस्सा लागला तरी पुष्कळ. उरलेले पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू सुटते. वीस गुंठ्यांच्या भाताचे सगळे नत्र नुसत्या शेणखतातून द्यायचे, तर कागदावर चार टन आणि पहिल्या वर्षी खरोखर उपयोगी पडायचे तर त्याच्या तिप्पट खत ओढावे लागेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, हमाली, पसरण्याची मजुरी हे सगळे वेगळेच. "पूर्ण सेंद्रिय" असे म्हणण्याआधी ही ट्रॉल्यांची संख्या डोळ्यांसमोर आणावी.

मग युरियाच टाकून मोकळे व्हावे का? आपल्याकडे तेही चालत नाही, आणि त्याचे कारण पाऊस. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पाणी साठलेल्या खाचरात वरून युरिया फेकला की दोन-तीन दिवसांत त्याचा अमोनिया बनतो, आणि उघडीप पडून ऊन आले की त्यातला बराच हवेत उडून जातो. काही नायट्रेट होऊन खाली झिरपते. खाचर मध्येच सुकले आणि पुन्हा भरले की काही वायुरूपाने निघून जाते. उरलेल्यातले कितीतरी बांध फुटून शेजाऱ्याच्या खाचरात उतरते. तुमच्या पैशाने शेजाऱ्याचे भात हिरवे होणे ही उतारावरच्या शेतीतली जुनी गंमत आहे. पाणथळ भातात फेकून दिलेल्या युरियातले तीस ते चाळीस टक्केच नत्र पिकाला लागते. म्हणजे स्वस्त वाटणाऱ्या पोत्यातले अर्ध्याहून अधिक आपण पावसाला देतो.

शेणखत आणि पालापाचोळा इथे कामाला येतात. त्यांचे नत्र कमी असले तरी त्यांतला सेंद्रिय कर्ब मातीच्या कणांना बांधतो आणि अमोनियमला धरून ठेवतो. शिवाय डोंगरउतारावरच्या तांबूस आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून टाकतात. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून दिले तर हे जखडणे कमी होते. थोडक्यात, शेणखत जमिनीसाठी घालायचे आणि नत्राची घाईची गरज पोत्यातून भागवायची. माझे मत विचाराल तर कोकणपट्टीतल्या छोट्या भातशेतकऱ्याने कुठल्याच बाजूची शपथ घेऊ नये. दोन्ही वापरावे, पण पोत्यातले नत्र वरून फेकणे बंद करावे.

त्यासाठीची उत्तम युक्ती आपल्याच मातीत तयार झालेली आहे. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातल्या भातासाठी जी पद्धत मांडली ती चारसूत्री भात लागवड म्हणून ओळखली जाते. पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचे. रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळायची आणि पेंढ्याचा काही भाग शेतात परत घालायचा. तुसाच्या राखेत सिलिका असते, तिने रोपे टणक होतात आणि खोडकिडीला थोडा आळा बसतो. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचे, गुंठ्याला तीस किलो. तिसरे नियंत्रित लावणीचे, चौथे युरिया-डीएपीच्या गोळ्यांचे.

गिरिपुष्प ओळखायला सोपे आहे. रस्त्याकडेला, कुंपणाला सरळ वाढते, उन्हाळ्यात फिकट गुलाबी फुलांनी भरते. जूनमध्ये त्याच्या फांद्या बांधावर लावल्या तर दोन वर्षांत पाला तोडता येतो. तोडलेल्या फांद्या चिखलणीच्या चार-सहा दिवस आधी खाचरात पसरून ठेवायच्या. एक-दोन दिवसांत पाने आपोआप गळतात, मग काटक्या उचलून चुलीला न्यायच्या आणि पाने चिखलात गाडायची. ताग किंवा धैंचा पेरून गाडण्याचा सल्ला पुस्तकांत असतो. तो चांगलाच आहे, पण आपल्याकडे पावसाआधी पेरायला पाणी नसते आणि पावसानंतर दीड महिना थांबायला वेळ नसतो. बांधावरचा पाला हा आपल्यासाठी जास्त व्यवहारी मार्ग.

आता गोळ्या. युरिया आणि डीएपी 60:40 प्रमाणात दाबून केलेली एक गोळी 2.7 ग्रॅमची असते. लावणी करताना दोरीवर आधी 15, मग 25, पुन्हा 15 सेंटिमीटर अशा खुणा करायच्या आणि ओळीही तशाच ठेवायच्या. यामुळे चार चुडांचा एक छोटा चौकोन तयार होतो, प्रत्येक बाजू 15 सेंटिमीटरची. लावणीच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्या चौकोनाच्या मध्यावर एक गोळी धरून बोटाने सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. बोट काढले की चिखल आपसूक मिटतो. गोळी तिथे प्राणवायू नसलेल्या थरात बसते, हळूहळू विरघळते आणि चारही बाजूंची मुळे तिच्याकडे येतात. वरच्या पाण्यात ती मिसळत नाही, म्हणून उडतही नाही आणि वाहतही नाही. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे जेमतेम 1.7 किलो. यातून नत्र सहाशे ग्रॅमच्या जरा आत आणि स्फुरद तीनशे ग्रॅमच्या आसपास मिळते. शिफारशीच्या एक किलोपेक्षा हे पुष्कळ कमी, तरी पीक मागे राहत नाही, कारण वाया जाणारा वाटा वाचलेला असतो. त्यानंतर वरून युरियाचा हप्ता द्यायची गरज उरत नाही.

अडचण सांगितलीच पाहिजे. एकराला पंचवीस हजार गोळ्या वाकून दाबायच्या, हे मजुरीच्या आजच्या भावात मोठ्या शेताला परवडत नाही. पण घरची पाच-सहा माणसे आवणीला जमणारे दहा गुंठ्यांचे शेत असेल तर ते काम होते. अगदी रेताड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत ही पद्धत वापरू नका, गोळीतले नत्र खाली निघून जाते. गोळ्या सगळ्याच दुकानांत नसतात. एप्रिल-मे महिन्यातच तालुका कृषी कार्यालयात चौकशी करून ठेवा, जूनमध्ये धावपळ करून उपयोग नाही.

ज्यांना गोळ्या जमणार नाहीत त्यांनी निदान हप्ते पाळावेत. नत्राचा चाळीस टक्के वाटा लावणीला, चाळीस टक्के फुटवे येताना, वीस टक्के पोटरीच्या सुरुवातीला. स्फुरद आणि पालाश सगळे लावणीलाच. हप्ता देताना खाचरातले पाणी काढून टाकायचे, युरिया चिखलावर टाकायचा, एक दिवस जाऊ द्यायचा आणि मग पाणी भरायचे. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा, पिकाचे काही बिघडत नाही. पाच भाग युरियाला एक भाग निंबोळी पेंड चोळून रात्रभर ठेवली तर नत्र आणखी सावकाश सुटते. 15:15:15 घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की एकराच्या स्फुरद-पालाशसाठी या मिश्रखताची पावणेतीन पोती लागतात आणि उरलेले नत्र युरियाच्या एका पोत्यातून भागते. आपल्याकडे लोक बहुधा उलटे करतात. युरिया दोन-तीन पोती, मिश्रखत एखादे आणि पालाश शून्य. भात गर्द हिरवे दिसते, माणूस खूश होतो आणि सप्टेंबरच्या वाऱ्यात ते आडवे होते.

पालाशाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. दाण्यात पालाश थोडेच जाते, बहुतेक सगळे पेंढ्यात राहते. एक टन पेंढ्याबरोबर शेतातून पंधरा किलोच्या आसपास पालाश निघून जाते. भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या तबेल्यांना पेंढा लागतो, म्हणून झोडणी झाली की तो गाडीत भरून विकला जातो. विका, हरकत नाही. पण पैसे घेण्याऐवजी त्याच तबेल्याशी शेणाचा सौदा करून बघा. पेंढा त्यांचा, कुजलेले शेण तुमचे. आपलेच पालाश आपल्या शेतात परत येते आणि सोबत कर्बही.

तबेल्याचे शेण मात्र ताजे आणून शेतात ओतू नये. म्हशीच्या ताज्या शेणात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, म्हणजे ट्रॉलीचे भाडे तुम्ही पाण्यासाठी भरता. त्यात तणांचे बी असते, हुमणीची अंडी-अळ्या असू शकतात, आणि चाऱ्याचा उरलेला काड कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेतो, त्यामुळे सुरुवातीचे पीक पिवळे पडते. शेण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा, शेताच्या उंच कोपऱ्यात पालापाचोळ्याचे थर देऊन रचा, वर मातीचा लेप द्या. पाऊस आला आणि ढीग शिल्लक असला तर ताडपत्री टाकाच, नाहीतर त्यातून गळणारे तपकिरी पाणी म्हणजे तुमचे खतच असते. तयार खत हातात घेऊन बघा. काळपट, भुसभुशीत, ओल्या मातीचा वास. मुठीत दाबले की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. शेणाचा उग्र दर्प येत असेल किंवा काड ओळखू येत असेल तर अजून महिनाभर थांबा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी दिसली तर ती हुमणी, ढीग उन्हात पसरून वेचून काढा.

शेण कमी आणि पाला भरपूर असेल तर नाडेपची टाकी उपयोगी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनी ही रीत रूढ केली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी विटांची जाळीदार टाकी. शंभर किलो शेणाचे पाणी शिंपडत पालापाचोळा आणि मातीचे थर भरले की तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत निघते. वीस गुंठ्यांच्या भाताला जमिनीची बेगमी म्हणून एवढे पुरते.

राब भाजण्याबद्दलही दोन शब्द. ठाणे जिल्ह्यात शेण, पाला, काटक्या रोपवाटिकेच्या जागेवर जाळण्याची चाल फार जुनी. एकोणिसाव्या शतकात जंगलातल्या फांद्या तोडण्यावरून सरकार आणि रयतेत झगडाही झाला होता. राबाने तणाचे बी मरते आणि राखेतले पालाश मिळते, हे खरे. पण जाळलेल्या शेणातले नत्र आणि कर्ब धुरात जाते. रोपवाटिकेच्या दोन-चार गुंठ्यांना तुसाची राख आणि कुजलेले खत दिले तर राबावाचून रोपे तितकीच जोमदार येतात, तण मात्र एकदा हाताने काढावे लागते.

आता पिशवीतल्या सेंद्रिय खताकडे येऊ. गेल्या काही वर्षांत चकचकीत पिशव्यांत दाणेदार "ऑरगॅनिक" माल भरपूर आला आहे. देशात खतविक्रीला 1985 चा खत नियंत्रण आदेश लागू आहे आणि 2006 पासून सेंद्रिय खतेही त्यात आली. म्हणून पिशवी उलटी करा आणि मागचा मजकूर वाचा. एकूण नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, कर्ब-नत्र गुणोत्तर आणि आर्द्रता, हे सगळे आकड्यांत छापलेले हवे. "पिकाची जोमदार वाढ, पांढऱ्या मुळ्यांचा विकास" एवढेच लिहिलेले असेल तर पिशवी खाली ठेवा. आकडे असतील तर तोच गुंठ्याचा हिशेब लावा. दोन टक्के नत्राची चाळीस किलोची पिशवी म्हणजे आठशे ग्रॅम नत्र, म्हणजे एका गुंठ्यालाही पुरे नाही. मग किंमत बघा आणि ठरवा. काही दुकानांत युरिया हवा असेल तर सोबत अशी एखादी पिशवी किंवा बाटली घ्यावीच लागते. याला धंद्यात लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे. अंगठा देऊन यंत्रावर निघालेली पावती मागून घ्या, जास्तीची वस्तू नको म्हणून सांगा, ऐकले नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

भिवंडीत राहणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळायचे आहे, जे कर्जत-मुरबाडच्या शेतकऱ्याला फारसे लागत नाही. इथे फुकट किंवा स्वस्तात "खत" म्हणून देऊ केल्या जाणाऱ्या वस्तू जपून घ्या. सायझिंगच्या बॉयलरची राख बघायला तुसाच्या राखेसारखीच दिसते, पण बॉयलरमध्ये लाकडाबरोबर चिंध्या, प्लास्टिक, काय काय जळलेले असते कोण जाणे. डाईंगच्या सांडपाण्याचा गाळ वाळला की काळ्या मातीसारखा भुसभुशीत होतो. त्यात जड धातू असण्याचा धोका असतो आणि एकदा शेतात शिरलेला धातू पिढ्यान् पिढ्या निघत नाही. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशाने मर्यादा घातल्या आहेत. किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम 5 मिलिग्रॅमच्या आत, सेंद्रिय कर्ब किमान 12 टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या आत. तपासणी अहवाल दाखवणाऱ्याकडूनच असे कंपोस्ट घ्या. यंत्रमागाचा सुताचा भुसाही नैसर्गिक म्हणून कुणी देईल. निव्वळ कापूस असेल तर कुजेल, पण पॉलिएस्टर मिसळलेले असेल तर दहा वर्षांनीही नांगराला अडकेल. आणि कामवारी नदीचे पाणी रब्बीच्या भाजीला उचलत असाल तर खताच्या आधी त्या पाण्याची तपासणी करून घ्या.

मातीची तपासणी तर हवीच. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक येतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्ये, गंधक आणि जस्त-बोरॉनसारखी सूक्ष्म द्रव्ये. त्यातले आपल्यासाठी तीन आकडे आधी बघायचे. सामू साडेपाचच्या खाली असेल तर चुन्याचा विचार करावा, पण चुना आणि युरिया किंवा सुपर फॉस्फेट कधीही एकत्र मिसळू नये. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर यंदा पोत्यावर खर्च वाढवण्याआधी शेणखताची सोय बघावी. आणि खाडीकडची जमीन असेल तर क्षारता. खारजमिनीत पीक नत्राअभावी नाही, मिठाने मरत असते, तिथे आधी बांध आणि गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढणे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, त्यांची चौकशी करा. नमुना घेताना शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा, त्याच्या कडेची वीतभर खोलीपर्यंतची माती खरवडा, सगळी मिसळा आणि चार भाग करत अर्धा किलो ठेवा. बांध, झाडाची सावली आणि शेणाच्या ढिगाची जागा वगळा. कापणीनंतर ते मे महिन्यापर्यंत केव्हाही, खत टाकण्याआधी.

"मग जीवामृत?" हा प्रश्न येतोच. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी ते गावोगाव पोहोचवले, त्यांना 2016 मध्ये पद्मश्रीही मिळाली. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती, आणि ते एकराला. यातले नत्र मोजले तर दोन-अडीचशे ग्रॅम भरते, भाताला एकरी चाळीस किलो लागते. पाळेकरांचे म्हणणेही ते खत नसून जिवाणूंचे विरजण आहे असेच आहे. तेव्हा भरपूर पाला-शेण घातलेल्या जमिनीत ते जरूर वापरा. उघड्या, कर्ब संपलेल्या जमिनीत त्या जिवाणूंना खायलाच काही नसते.

एका झटक्यात पोते बंद करण्याचे काय होते ते श्रीलंकेने पाहिले. 2021 च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात बंद केली, भात आणि चहा दोन्ही घसरले आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. सेंद्रिय शेती फसवी आहे असे यातून निघत नाही, जमिनीला वेळ दिला नाही एवढे निघते. तुमच्याकडे सेंद्रिय तांदळाला जास्त पैसे देणारी ठाण्या-मुंबईची गिऱ्हाइके असतील, 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वाडा कोलमसारखी जात असेल, तर वळायला हरकत नाही. पण आधी पाव हिस्सा जमीन वळवा. राष्ट्रीय प्रमाणीकरणात हंगामी पिकाला पेरणीआधीची दोन वर्षे संक्रमणाची धरतात. त्या काळात उत्पन्न कमी आणि भाव मात्र साधा, हे गृहीत धरूनच पैशांची तजवीज करावी. गटाने एकमेकांची हमी घेऊन करायचे पीजीएस प्रमाणीकरण छोट्या शेतकऱ्याला स्वस्त पडते.

रब्बीत भाजीपाला घेणाऱ्यांनी उलटा विचार करावा. भेंडी, काकडी, पालेभाजी यांच्या वेळी पाऊस नसतो, नत्र वाहून जात नाही, कष्ट घालता येतात आणि क्षेत्र लहान असते. इथे शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड यांवर जास्तीत जास्त भार टाकता येतो. फक्त कच्ची खायची पालेभाजी आणि काकडी यांना अर्धवट कुजलेले शेण कधीही घालू नका, पोटाचे रोग त्यातूनच घरात येतात.

गच्चीवाल्यांसाठी गणित सोपे. कुंडीत चमचाभर युरिया टाकणे बंद करा, मुळे जळतात. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट ठेवा आणि महिन्याला मूठभर गांडूळखत. मिरची-टोमॅटो फुलावर येताना पाने फिकट पडली तर 19:19:19 लिटरला दोन ग्रॅम विरघळवून पंधरवड्यातून एकदा दिले तर काही पाप लागत नाही. देवघरातल्या निर्माल्याचे दोरे आणि थर्माकोल काढून फुले कंपोस्टमध्ये घाला. वऱ्हाळा तलावात ती सोडली, किंवा आसपासच्या बागांतले जास्तीचे खत पावसाबरोबर तलावात उतरले, की नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि जलपर्णीच पोसली जाते. तलावाकाठच्या जमिनीत पाऊस लागल्यावर फेकून खत देऊच नये.

भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर वाल टाकत असाल तर त्याला नत्राचे खत देऊ नका. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र स्वतः मिळवतात, वरून युरिया दिला की त्या गाठी आळशी होतात. बियाण्याला रायझोबियम चोळा, गरज असेल तर थोडे सुपर फॉस्फेट द्या. शेंगा काढल्यावर वेल उपटून बांधावर टाकण्याऐवजी कापा, मुळे जमिनीतच राहू द्या.

आणि यंदा कुठलाही बदल करणार असाल तर सगळ्या शेतावर करू नका. एकाच पातळीवरची, एकाच जातीची, शेजारशेजारची दोन खाचरे निवडा. एकात नेहमीची पद्धत, दुसऱ्यात पाला आणि गोळ्या. दोन्हींची झोडणी वेगळी करा, पोती वेगळी शिवा, काट्यावर वेगळी चढवा. खताच्या, मजुरीच्या आणि ट्रॉलीच्या पावत्या त्याच वहीत लावून ठेवा, पुढच्या मे महिन्यात दुकानात जाताना ती वही बरोबर घ्या.